चाळिशीनंतरची नजर: नंबर काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर

चाळिशी लागल्याचं बहुतेकांना आधी संध्याकाळी कळतं. दुपारच्या उजेडात जी बारीक अक्षरं विनातक्रार वाचता येतात, तीच दिवेलागणीला एकमेकांत मिसळायला लागतात. हात आपोआप लांब जातो. त्याचं कारण साधं आहे. भर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते आणि लहान बाहुलीतून पाहताना थोडीफार अस्पष्टता झाकली जाते. उजेड कमी झाला, बाहुली मोठी झाली, की ती उघडी पडते. "सकाळी वाचता येतं, रात्री येत नाही" ही या वयातली अगदी नेहमीची तक्रार आहे आणि बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

अडचण दुसरीकडे आहे. याच वयात डोळ्यांचे काही आजार चोरपावलांनी सुरू होतात आणि "वय झालं आता" असं म्हणून तेही चाळिशीच्या खात्यात ढकलले जातात. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की आधी नेहमीचं काय आणि नसलेलं काय ते वेगळं करायचं. चष्म्याचं दुकान त्यानंतर.

आत नेमकं काय होतं

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणी मऊ, लवचीक असतं. जवळचं पाहताना त्याभोवतीचा सिलिअरी स्नायू आकसतो, भिंग फुगीर होतं आणि जवळची वस्तू स्पष्ट दिसते. वयाबरोबर भिंग कडक होत जातं. मग स्नायूने कितीही जोर लावला तरी ते पुरेसं फुगत नाही. हे चाळिसाव्या वाढदिवसाला सुरू होत नाही. लहानपणापासूनच ही क्षमता घटत असते, फक्त तोवर शिल्लक भरपूर असते.

ती शिल्लक अदमासाने काढायचं हॉफस्टेटर यांचं एक जुनं सूत्र आहे: १८.५ मधून वयाची ०.३ पट वजा करायची. उत्तर डायॉप्टरमध्ये येतं, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्या एककात असतो त्यातच. दहाव्या वर्षी १५.५, चाळिसाव्या वर्षी ६.५, पंचेचाळिसाव्या वर्षी ५, साठाव्या वर्षी जेमतेम ०.५. आता पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरून वाचायचं तर १ भागिले ०.४, म्हणजे २.५ डायॉप्टर लागतात. शिवाय स्नायू सतत पूर्ण ताणून ठेवता येत नाही. आरामात वाचायचं तर साधारण निम्मी ताकद राखीव ठेवावी लागते. पंचेचाळिशीत पाचातले अडीच राखून उरतात अडीच, म्हणजे बरोबर काठावर. हे सरासरीचं गणित आहे. ज्यांना आधीपासून दूरचा प्लस नंबर आहे किंवा ज्यांचं काम फार जवळून पाहण्याचं आहे, त्यांना हा काठ काही वर्षं आधीच गाठतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालात चाळिशी लागलेल्यांची संख्या १८० कोटी दिली आहे. यातून कोणी सुटत नाही. "मला अजून चष्मा नाही" असं पन्नाशीत अभिमानाने सांगणाऱ्याला बहुधा थोडा मायनस नंबर तरी असतो, नाहीतर त्याचे हात लांब असतात.

पहिली पायरी: एक डोळा झाकून पाहा

दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं की चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून घेतो. एका डोळ्याची नजर बरीच कमी होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही, तो याचमुळे. त्यामुळे घरची तपासणी नेहमी एकेका डोळ्याची करायची. तळहाताने डोळा झाकायचा, दाबायचा नाही.

चांगल्या उजेडात वर्तमानपत्र ४० सेंटिमीटरवर धरा आणि उजव्या डोळ्याने वाचा, मग डाव्याने. नंतर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, पुन्हा एकेका डोळ्याने. दूरचा चष्मा असेल तर तो लावून. शेवटी चौकटींचा कागद वाचायच्या अंतरावर धरा, जवळचा चष्मा असेल तर तो घाला आणि मधल्या एका ठिपक्याकडे नजर रोखून पाहा की आजूबाजूच्या रेषा सरळ आहेत का. चौकटींचा कागद नसेल तर खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेषाही चालतात.

फक्त जवळचं अस्पष्ट, दोन्ही डोळ्यांत साधारण सारखंच, हळूहळू वाढलेलं, आणि उजेड वाढवला किंवा कागद लांब नेला की सुधारणारं असेल, तर ती चाळिशीच. यातली एखादी गोष्ट जुळली नाही, म्हणजे एकाच डोळ्याने कमी दिसतं, दूरचंही धूसर आहे, किंवा महिनाभरातच फरक पडला, तर चष्मा बदलून पाहण्यात वेळ घालवू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. रेषा वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा मधला भाग पुसलेला दिसला, तर दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) केंद्राची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. हे लक्षण अचानक आलं असेल तर आठवडाही थांबू नका.

दुसरी पायरी: कशासाठी त्याच दिवशी निघायचं

डोळ्यांसमोर तरंगणारे ठिपके, धागे, डासासारखी आकृती या वयात बऱ्याच जणांना दिसते. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, आकसतो आणि दृष्टिपटलापासून सुटतो. त्याच्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते, ते हे ठिपके. वर्षानुवर्षं असलेले एक-दोन ठिपके निरुपद्रवी असतात. पण सुटताना कधी कधी तो पदार्थ पडद्याला ओढतो आणि फाडतो. तेव्हा अचानक ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखा वाटतो, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखी दिसते, किंवा एका बाजूने काळी सावली सरकत येते. यात दुखत अजिबात नाही, म्हणून लोक सोमवारपर्यंत थांबतात. फाटलेल्या जागेभोवती वेळेत लेझर केलं तर काम बाह्यरुग्ण विभागात आटोपतं. पडदा सुटला की शस्त्रक्रिया, आणि मधला भाग सुटल्यावर नजर पूर्ण परत येईलच असं नाही. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे त्यांना हा धोका इतरांहून जास्त.

डोळा लाल होऊन जबर दुखणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं, डोकेदुखी आणि उलटी हे सगळं एकत्र आलं तर तो डोळ्याचा दाब एकाएकी वाढल्याचा प्रकार असू शकतो. उलटीमुळे लोक पित्त समजून बसतात. एका डोळ्यापुढे काही मिनिटं अंधार होऊन पुन्हा दिसायला लागलं, तरी ते "बरं झालं" म्हणून सोडायचं नाही. तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा इशारा असू शकतो. एकाएकी दोन-दोन दिसणंही त्याच यादीतलं. पन्नाशीनंतर कानशिलात नवीन दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा दुखणं आणि सोबत नजरेत फरक असेल, तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

तिसरी पायरी: मोजपट्टी घ्या

ही पायरी जवळपास कोणीच करत नाही, आणि चष्मा घेऊनही मान दुखते अशी तक्रार त्यातूनच येते. वाचायच्या चष्म्याला वयानुसार नंबर असतो हे खरं, पण तो तुम्ही कुठे बसता आणि काय पाहता यावर तितकाच अवलंबून असतो.

दिवसभरात ज्या ज्या गोष्टींकडे जास्त वेळ पाहता, त्यांचं डोळ्यापासूनचं अंतर मोजा. नेहमीसारखे बसा, दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. आपण स्वतः मोजायला गेलो की ताठ बसतो आणि आकडा खोटा येतो. फोन बहुतेकांचा ३० ते ४०, पुस्तक ४०, लॅपटॉप ५० ते ६०, टेबलावरचा मोठा स्क्रीन ६० ते ७५ सेंटिमीटरवर असतो. शिवण, सूक्ष्म दुरुस्ती असली कामं त्याहून जवळ. अंतराशेजारी हेही लिहा की नजर खाली असते, समोर असते की वर. शिडीवर चढून डोक्यावरच्या वायरी पाहणाऱ्या इलेक्ट्रिशियनला खालच्या बाजूला वाचायचा नंबर असलेला चष्मा काय उपयोगाचा?

आकड्यांचा अर्थ असा. ज्याची स्वतःची शिल्लक संपली आहे आणि दूरचा नंबर शून्य आहे, त्याला +१.०० ने एक मीटरवरचं, +२.०० ने ५० सेंटिमीटरवरचं आणि +२.५० ने ४० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. नंबर वाढला की स्पष्ट दिसणारी जागा जवळ येते आणि तिची खोलीही कमी होते. म्हणजे गरजेपेक्षा जास्त नंबर घेतला की अक्षरं मोठी दिसतात खरी, पण पुस्तक नाकाला लावावं लागतं आणि शेजारचा स्क्रीन धूसर होतो. शंका असेल तर कमी नंबर घ्या.

चौथी पायरी: तपासणी, नुसता नंबर नाही

दुकानातल्या यंत्रात डोळा लावून मिनिटभरात निघणारा आकडा ही सुरुवात असते. चाळिशीत एकदा तरी पूर्ण तपासणी हवी: दोन्ही डोळ्यांचा नंबर, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करणारं औषध घालून पडद्याची आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुखाची पाहणी. काचबिंदूत हाच मज्जातंतू खराब होत जातो. त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार दुखत नाही, लाल होत नाही आणि नजरेचा मधला भाग शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. त्यामुळे तक्ता वाचता येतो म्हणून डोळा ठीक, असं होत नाही. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो, पण तो यात असूनही काहींना काचबिंदू होतो. म्हणून मज्जातंतू प्रत्यक्ष पाहायलाच हवा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

जाताना जुने सगळे चष्मे न्या, मोजलेल्या अंतरांचा कागद न्या आणि औषधांची यादी न्या. स्टिरॉइड (गोळ्या, श्वासाचे पंप, डोळ्यांचे थेंब) दाब वाढवू शकतात आणि मोतीबिंदू लवकर आणू शकतात. सर्दी-अॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या डोळे कोरडे करतात. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर पडद्याची नियमित तपासणी ठरलेली असते. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. रक्तातली साखर वरखाली झाली की भिंगात पाणी शिरतं-निघतं आणि नंबर बदलतो, म्हणून साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा करायचा. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी थांबवायची नाही.

बाहुली मोठी करणारं औषध घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. गाडी चालवत जाऊ नका, काळा चष्मा बरोबर ठेवा.

हातात येणाऱ्या कागदावर 'ओडी' म्हणजे उजवा डोळा, 'ओएस' म्हणजे डावा. 'स्फिअर' हा मुख्य नंबर, 'सिलिंडर' आणि 'अॅक्सिस' ही तिरकस नंबराची माहिती, आणि 'अॅड' म्हणजे जवळच्यासाठी वर घालायची भर. चाळिशीच्या सुरुवातीला ही भर सुमारे १.००, साठीपर्यंत २.५० च्या आसपास पोचते. भर दूरच्या नंबरात मिळवायची असते. दूरचा −२.००, भर +१.५०, तर वाचायचा नंबर −०.५०, असा माणूस चष्मा काढून आरामात वाचतो, आणि त्याने तसंच करावं. दूरचा +१.०० असेल तर त्याच भरीने वाचायचा +२.५० होतो.

पाचवी पायरी: कोणता चष्मा

दूरचा नंबर नाही, दोन्ही डोळे सारखे, सिलिंडर नाही, अशा माणसाला तयार मिळणारा वाचायचा चष्मा पुरतो. त्याने डोळा बिघडत नाही. तोटा एवढाच की तो घेणारा माणूस दहा वर्षं डोळ्याचा दाब न मोजता काढू शकतो.

दिवसाचे सहा-सात तास स्क्रीनपुढे जात असतील तर माझं स्पष्ट मत आहे की आधी स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा घ्या. वाचायची भर दोन असेल तर ७० सेंटिमीटरला साधारण सव्वा ते दीड पुरते. 'ऑफिस लेन्स' नावाने मिळणाऱ्या काचांमध्ये स्क्रीन आणि टेबलावरचा कागद दोन्ही येतात, भाग रुंद असतो, मान वर करावी लागत नाही. हा चष्मा घालून गाडी मात्र चालवायची नाही.

बायफोकल म्हणजे वर दूरचा, खाली जवळचा नंबर आणि मध्ये दिसणारी रेघ. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये आपल्या अशा चष्म्याबद्दल पत्रात लिहिलं होतं, इतकी ही सोय जुनी. मधल्या अंतराचं त्यात काही नाही. प्रोग्रेसिव्ह काचा १९५९ पासून बाजारात आहेत. त्यांत नंबर वरून खाली हळूहळू वाढत जातो, रेघ दिसत नाही, पण खालच्या दोन्ही कडांना अस्पष्ट पट्टे राहतात. ते काचेच्या घडणीतच असतात. महागड्या काचेत ते आकसतात, नाहीसे होत नाहीत, मग विक्रेता काहीही सांगो.

प्रोग्रेसिव्हचं यश मापावर असतं. प्रत्येक डोळ्याचं नाकाच्या मध्यापासूनचं अंतर वेगवेगळं घेतलं पाहिजे, आणि फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर नीट बसवून मगच बाहुलीची उंची काचेवर पेनाने खुणावली पाहिजे. फ्रेम हातात धरून कोणी अंदाजाने लिहून घेत असेल तर तिथे प्रोग्रेसिव्ह करू नका. फारच बुटकी फ्रेमही टाळा, कारण खाली वाचायचा भाग मावतच नाही.

सवय व्हायला दोन आठवडे द्या. सकाळी उठल्यापासून घाला, जुना चष्मा मध्येच घालू नका. बाजूचं पाहायला नुसते डोळे फिरवण्याऐवजी मान वळवा. जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहा. खालच्या भागातून पाहिलं की पायरी धूसर दिसते आणि पाय चुकतो. वयस्कर माणसं अशा चष्म्यांमुळे जास्त पडतात हे अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांचा तोल आधीच डळमळीत आहे त्यांनी बाहेर फिरायला साधा दूरचा चष्मा ठेवावा. दोन आठवड्यांनीही डोकं जड होत असेल तर परत जा, आणि आधी मापं आणि फ्रेमची बैठक तपासायला सांगा, मग नंबर.

चष्मा नकोच असेल तर मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स आहेत. किंवा एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवायची पद्धत आहे. ती काहींना दोन दिवसांत जमते, काहींना कधीच नाही, म्हणून लेझरने कायमची करण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्सने करून पाहा. तरुणपणी लेझरने नंबर घालवला त्यांनाही चाळिशी लागतेच. लेझर बाहेरच्या पारदर्शक पटलावर होतं, कडक होतं ते आतलं भिंग. बाहुली लहान करून काही तास जवळचं दाखवणाऱ्या पायलोकार्पिनच्या थेंबांना अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्याने अंधारात कमी दिसतं, आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांनी आधी पडदा तपासून घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

सहावी पायरी: उजेड, कोरडेपणा, रात्रीची गाडी

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळसर. गडद निळा आणि काळा मोजा ओळखू न येणं हे त्या पिवळसरपणाचंच काम. यावर उपाय नंबर वाढवण्याचा नाही, दिव्याचा आहे. छतावरचा दिवा मोठा करण्यापेक्षा टेबलावरचा दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की कागदावर जवळपास चौपट उजेड पडतो. दिवा खांद्यामागून, लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने असावा आणि बल्ब डोळ्याला थेट दिसू नये.

वाचताना मधूनच धूसर होतं आणि पापणी मिटली की स्वच्छ दिसतं, तर ती नंबराची भानगड नाही, डोळा कोरडा आहे. पाणी येत असेल तरीही, कारण कोरडा डोळा चुरचुरून पाणी काढतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या आसपास हे वाढतं. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. स्क्रीन नजरेच्या थोडा खाली ठेवला की डोळा कमी उघडा राहतो. वर पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट ओला रुमाल पाच-दहा मिनिटं बंद डोळ्यांवर ठेवून कडा हलकेच चोळायच्या, रोज, काही आठवडे. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्या. "लाली घालवणारे" थेंब रोज वापरायचे नाहीत. थांबवले की लाली दुपटीने येते. कोणाच्या तरी जुन्या बाटलीतले थेंब तर मुळीच नाहीत, त्यात स्टिरॉइड असू शकतं.

रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणं थोडंफार वयाचं असतं. आधी विंडशील्ड आतून-बाहेरून आणि चष्म्याची काच स्वच्छ करा, परावर्तन कमी करणारा लेप असलेली काच घ्या. पिवळ्या काचांचे "रात्रीचे चष्मे" आधीच कमी असलेला उजेड आणखी कापतात. त्यांवर पैसे घालवू नका. दिवसा उन्हात मात्र अतिनील किरण पूर्ण अडवणारा चष्मा हवा, त्यावर 'यूव्ही ४००' असं लिहिलेलं असतं.

बाजारात काय सोडून द्यायचं

डोळ्यांच्या व्यायामाने कडक झालेलं भिंग मऊ होत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. वाढतो तो वयाने, आणि चष्मा न लावताही तितकाच वाढला असता. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबद्दल कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या आणि डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. "डोळ्यांची" जीवनसत्त्वं पडद्याच्या केंद्राची झीज मध्यम टप्प्यावर पोचलेल्यांना उपयोगी पडली आहेत, धडधाकट डोळ्यांना नाही. खरोखर काही सोडायचंच असेल तर तंबाखूची विडी-सिगारेट सोडा. त्या झिजेचा धोका धूम्रपानाने वाढतो आणि मोतीबिंदूचाही.

पुढच्या तपासण्या

कसलाही आजार वा घराण्यात इतिहास नसेल, तर पंचावन्नपर्यंत दोन ते चार वर्षांनी आणि त्यानंतर पासष्टीपर्यंत एक ते तीन वर्षांनी पूर्ण तपासणी, अशी अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीची शिफारस आहे. मधुमेह असेल तर दरवर्षी. वाचायची भर साठीच्या सुमारास वाढायची थांबते. तिथून पुढे नंबर भराभर बदलू लागला, विशेषतः दूरचा मायनसकडे सरकला आणि चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं, तर नजर सुधारलेली नसते. मोतीबिंदू भिंगाच्या मध्यभागी दाट होऊ लागलेला असतो, आणि अशा वेळी नवा चष्मा करण्याआधी तो किती पुढे गेला आहे हे पाहून घ्यायचं.